टाकणं म्हणजे त्याग नव्हे

घरातला आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं लावतो, की आपण म्हणतो, "जुना झाला, काढून टाका." पण नेमकं काय जुनं झालं? पुष्कळदा प्रोसेसर ठणठणीत असतो, रखडते ती हार्ड डिस्क. तिची तबकडी साधारण मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि माहिती वाचणारा काटा दरवेळी योग्य जागी सरकावा लागतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तेवढा एक भाग बदलला तरी तोच लॅपटॉप झटपट उघडतो.

मग नवा घेणं चूक का? नाही. बोर्डच गेला असेल, किंवा आपलं काम त्यावर होतच नसेल, तर जरूर घ्यावा. मोडकं कवटाळून बसणं हीसुद्धा आसक्तीच. पण दोष न शोधता टाकणं हे वैराग्य नव्हे, ती नव्याची हौस आहे, गरजेचं नाव लावून आलेली. आणि आपण टाकलेलं भंगार नीट हाताळलं नाही, तर कुणाच्या तरी माती-पाण्यात विष कालवतं.

म्हणून आधी फोटो-कागदपत्रांची कॉपी काढा, जाणकाराला दाखवा, मग ठरवा. हौस असेल तर तिला हौसच म्हणा. तेवढा खरेपणा स्वतःशी हवा.