रहाटगाडगे आणि नेम

एकादशीच्या फराळाचे ताट भरू लागले, की घरातले कोणीतरी हसत म्हणतेच, 'एकादशी, दुप्पट खाशी.' म्हण चेष्टेची आहे, पण तिच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. खाणे सोडल्याने खाण्याची ओढ कमी होते की वाढते?

आज वजन उतरवण्यासाठी घरोघरी डाएट चालते. भात बंद, साखर बंद, रात्रीचे जेवण बंद. दोन महिन्यांत आठ किलो उतरतात, लोक कौतुक करतात. मग एखाद्या लग्नाच्या पंगतीत जिलेबी खाल्ली जाते आणि बांध फुटतो. वर्ष सरता सरता गेलेल्या आठांचे दहा होऊन परत येतात. पुन्हा संकल्प, पहिल्याहून कडक. रहाटाचे गाडगे भरते, रिकामे होते, पुन्हा खाली जाते. पुष्कळांचे आयुष्य असेच जाते.

अशा माणसाला आपण काय म्हणतो? 'जिभेवर ताबा नाही.' तोही मान खाली घालून ते खरे मानतो. ते खरे आहे का, एवढेच आज पाहू.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या संशोधकाने एक प्रयोग केला. उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा कसे सावरावे, हे त्यांना शोधायचे होते. ३६ तरुण स्वखुशीने पुढे आले. विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र हाती घेण्यास नकार देणारी ही माणसे होती. युद्धाच्या दिवसांत असा नकार देणारा निश्चयाचा कच्चा नसतो. २४ आठवडे त्यांना जवळपास अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे चौथाईने घटले. पण त्यांच्या मनात अन्नाशिवाय काही उरले नाही. पाककृतींची पुस्तके वाचावीत, ताट चाटावे, असे होऊ लागले. काहींनी चोरून खाल्ले. पुढे पोटभर मिळू लागले तेव्हा खाऊनही समाधान होईना, आणि अनेकांच्या अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली.

याचा अर्थ सरळ आहे. आपण डाएट करतो आहोत हे शरीराला कळत नाही. त्याला वाटते, दुष्काळ पडला. ते खर्च कमी करते आणि भूक वाढवते. दुष्काळ सोसलेले घर पुढच्या सुगीला आधी कणगी भरते, तसेच हे. शरीराने भरलेल्या या कणगीलाच आपण पाप म्हणतो.

दुसरे कारण मनाचे. अतिकडक संकल्पाला मधली वाट नसते. एक लाडू खाल्ला की मन म्हणते, 'मोडलाच ना? मग आजचा दिवस खाऊन घे, सोमवारपासून बघू.' एका लाडवाने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडवते ती त्यानंतरची शरम, आणि शरमेपोटी केलेला त्याहून कडक संकल्प.

आता कोणी विचारील, मग संयम सोडायचा का? आपली माळ तर संयमाचीच खूण आहे. नाही माउली, संयम सोडायचा नाही. नेम आणि हट्ट यांतला भेद ओळखायचा. एकादशीचा नेम पाहा. त्याला द्वादशीचे पारणे जोडलेलेच आहे. अन्न वैरी नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आपण देवाला नैवेद्य दाखवून जेवतो. एखादी एकादशी आजारपणात चुकली, तर पुढच्या वेळी कोणी दोन एकादशा धरत नाही. पंधरा दिवसांनी ती पुन्हा येते आणि आपणही पुन्हा नेमात येतो. या नेमाला गाठायचा आकडा नाही, म्हणून तो जन्मभर चालतो. हट्टाला आकडा असतो. आकडा आला की तो संपतो, न आला तर मोडतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असेच सांगितले आहे.

म्हणून वजनासाठी काही करायचेच असेल, तर स्वतःला एक विचारा: पाहुणे आले, वारीला निघालो, दुखणे आले, तरी दहा वर्षांनी हे मला पाळता येईल का? येत असेल तर तो नेम. घासभर कमी वाढून घेणे, हरिपाठाला गाडीऐवजी चालत जाणे, एवढेही पुरे. मधुमेह असेल, किंवा खाण्यावरून मन सतत पोखरले जात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास वाढवू नका. त्याने भक्ती उणी होत नाही.

आणि पंगतीत शेजारच्याच्या पानाकडे पाहून 'अजून वाढू का?' असे खवचटपणे विचारायचा मोह झाला, तर आवरा. तो संयम आपला आहे. ज्याला आपण हसतो, त्याने कदाचित आपल्यापेक्षा कितीतरी अधिक उपास काढले असतील. ज्या देहाने नाम घेतो आणि पंढरीची वाट चालतो, तो त्याचाही सोबतीच आहे. सोबत्याला उपाशी मारून वाट सरत नाही. त्याला वेळेवर, मापात वाढावे आणि चालू लागावे.

रामकृष्ण हरी.