चार इंच कमी

आमच्या दिवाणखान्याच्या खिडकीला बारा वर्षे पडदा नव्हता. ‘दिवाणखाना’ हा शब्द आपला सवयीने वापरला. डोंबिवलीत ज्या खोलीत माणूस झोपतो, जेवतो, मुलीचा अभ्यास घेतो आणि पाहुण्याच्या पायावर पाय न देता चहाचा ट्रे नेतो, त्या खोलीला दिवाणखाना म्हणतात. खिडकी पश्चिमेची. दुपारी तीननंतर ऊन असे आत येते, की जागा त्याच्या नावावर आहे आणि आम्ही पोटभाडेकरू.

पडदा नव्हता याचे कारण पैसा नव्हे, तत्त्व. मी म्हणायचो, “आपल्या घरात लपवण्यासारखं आहे काय?”

त्यावर ही म्हणायची, “काही नाही, तेच तर लपवायचंय.”

गेल्या एप्रिलात हिने ठाण्याला मावसबहिणीकडे घड्या पडत वर जाणारा पडदा पाहिला. त्याला रोमन पडदा म्हणतात म्हणे. दुकानदार येऊन माप घेऊन गेला आणि फोनवर त्याने असा आकडा सांगितला, की मी सवयीने त्याच्याकडे पॅन कार्ड मागणार होतो. तेव्हा तो घरीच शिवायचे ठरले. बी.कॉम. झालेल्या माणसाला हिशेब येतो, आणि पडदा म्हणजे नव्वद टक्के हिशेब, हे माझे त्या वेळचे मत.

ते अगदीच चूक नव्हते. खिडकी रुंदीला अठ्ठेचाळीस इंच, उंचीला साठ. रुंदी तीन ठिकाणी मोजावी लागते, कारण बिल्डरने दिलेली खिडकी चौकोनी असते ती फक्त नकाशात. आमची वर अठ्ठेचाळीस, मध्ये पावणेअठ्ठेचाळीस आणि खाली पुन्हा अठ्ठेचाळीस निघाली. म्हणजे कंबर तिलाच तेवढी राहिली आहे. चोपन्न इंच पन्ह्याचा मांजरपाट दोन मीटर आणला. दोन्ही कडा दुमडून शिवल्या. पाठीमागे दर दहा इंचांवर आडवी खोळ शिवून तिच्यात लाकडी पट्टी सरकवायची, म्हणजे घडी नेमकी तिथेच पडते. प्रत्येक पट्टीवर तीन पितळी कड्या. तीन दोऱ्या खालच्या कड्यांना बांधून, वरवरच्या कड्यांमधून ओवून, वरच्या फळीतल्या गोल तोंडाच्या हुकांतून उजवीकडे न्यायच्या आणि एकत्र ओढायच्या. पाच खोळींना प्रत्येकी दीड इंच कापड जास्त लागते, हे मी आधीच धरले होते. धरले नव्हते ते एवढेच, की मांजरपाट कापण्याआधी धुऊन घ्यायचा असतो. पण ते पुढे.

खरी अडचण कापडाची नव्हती. समोरच्या आजोबांची होती.

आमच्या खिडकीसमोर वीस फुटांवर दुसरी बिल्डिंग आहे. तिथे आमच्याच मजल्यावर एक आजोबा राहतात. रेल्वेत गार्ड होते. आजी गेल्या त्याला नऊ वर्षे झाली; मुलगा पुण्याला. आजोबांची खुर्ची खिडकीशी, म्हणजे तोंड आमच्याकडे. आमच्या मुलीने टाकलेले पहिले पाऊल त्यांनी पाहिले, मी तेव्हा शाखेत कॅश टॅली करत होतो. अशा माणसासमोर पडदा टाकायचा, म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखेच की!

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला, की बारा वर्षे आपल्याला पाहणाऱ्या माणसाचा आपल्यावर काही हक्क लागतो का? तत्त्वज्ञान आम्हाला पेपरला नव्हते, कायदा होता. १८८२ चा वहिवाटीच्या हक्कांचा कायदा म्हणतो, की उजेड आणि वारा बिनतक्रार वीस वर्षे मिळत राहिले तर तो हक्क होतो. आजोबांची बारा वर्षे झाली होती. म्हणजे आठ कमी. शिवाय त्या कायद्यात उजेड-वाऱ्याची नावे आहेत, समोरच्यांचा संसार बघण्याचे नाव मला सापडले नाही. उलट बाजूने पाहावे तर २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगून टाकले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. म्हणजे कायद्याने मी सुटलो. पण कायद्याने सुटल्यावर माणसाला झोप लागतेच असे नाही.

त्यात माझा धंदा असा, की लोकांची झाकायची खाती माझ्यासमोर उघडी. नोकरीला लागताना आम्ही गुप्ततेच्या कागदावर सही करतो. परीक्षेत १९२४ चा टूर्नियरचा खटला घोकलेला असतो. विलायतेतल्या एका बँक मॅनेजरने खातेदार जुगाराच्या नादी लागल्याचा संशय त्याच्या मालकाच्या कानावर घातला आणि बिचाऱ्याची नोकरी गेली. कोर्टाने बँकेला गुप्ततेचे कर्तव्य सांगितले आणि चार अपवाद घातले; चौथा अपवाद खातेदाराची संमती. आजोबांनी आमच्याकडे बघायला आमची संमती कधी घेतली नव्हती. पण आम्हीही कधी नाही म्हटले नव्हते. बँकेत अशा खात्याला काय म्हणतात ते मी सांगत नाही, पण त्याने ऑडिटर खूश होत नाही.

अर्थशास्त्रात बेंथॅम नावाचे गृहस्थ भेटतात. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख. याच गृहस्थांनी एका पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसावेत, पण पहारेकरी कोणालाच दिसू नये, अशा तुरुंगाचा आराखडा केला होता. ते १८३२ साली वारले. आणि स्वतःच्याच इच्छेप्रमाणे त्यांचा कपडे घातलेला सांगाडा मेणाचे डोके बसवून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काचेच्या पेटीत बसवला आहे. येणारे-जाणारे बघतात. पडदा नाही. मला हा माणूस मोठा वाटतो. हिला मात्र हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “कडी शिवताना बडबडू नका, सुई टोचेल.” टोचली.

रविवारी पडदा चढवायला घेतला. मी स्टुलावर, ही स्टूल धरून, मुलगी स्क्रूची पुडी हरवून उभी. फळी चौकटीला सरळ बसली की नाही हे जवळून कळत नाही. इतक्यात मुलगी ओरडली, “बाबा, आजोबा काहीतरी सांगतायत!” बघतो तो आजोबा खिडकीत उभे. डावा हात वर: डावी बाजू उचला. मग दोन्ही हात आडवे: थांबा. मी हललो, तसा त्यांनी खांद्यावरचा लाल पंचा काढून फडकावला. मी जागच्या जागी गोठलो. चाळीस वर्षांच्या नोकरीत गाड्या थांबवलेला हात तो. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि मी स्क्रू पिळले. फळी सुतात बसली, अजूनही सुतात आहे. मग मी दोरी सोडली. पट्टी, पट्टी, पट्टी करत पडदा खाली आला आणि आजोबा पायापासून नव्हे, डोक्यापासून नाहीसे झाले.

त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. “ऊन थांबेल,” मी म्हणालो. रात्रीचे साडेआठ वाजले होते.

महिन्याने पडदा धुतला. साठाचा छप्पन्न झाला. खाली चार इंच फट राहिली आणि तीतून समोर खुर्चीचे पाय, आजोबांच्या सपाता आणि ताटाची कड दिसू लागली. “नवा शिवायचा का?” मी विचारले. “राहू दे,” ही म्हणाली. तिची ताट मांडायची जागा तेवढी बदलली. ती आता खिडकीकडे तोंड करून, जरा वाकून जेवते.

गेल्या आठवड्यात दारावर टकटक झाली. आजोबा! बारा वर्षांत पहिल्यांदाच आमचे जिने चढून आले होते. हातात चौकोनी कागद, त्यावर माप.

“मलाही एक शिवून द्या. कापडाचे पैसे देतो.”

“तुम्हाला कशाला आजोबा? तुमच्याकडे तर ऊन सकाळचं.”

ते संकोचले. “राग मानू नका. तुमच्या सौभाग्यवती साडेआठला हातानं विचारतात, जेवलात का? हो म्हणायचं तर जेवायला नको का? नऊ वर्षं साडेआठला जेवतोय. मला भूक साडेनऊला लागते. तुमचा पडदा आला, वाटलं सुटलो. तर खाली फट! आता वाकून बघतात.” मग माझ्या जवळ सरकून हळूच म्हणाले, “आणि कापड आधी धुऊन घ्या हं.”

ही आत चहा टाकत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता, त्यावरून तिने ऐकले असावे.

मला राग आला, आणि तो का आला हे मला अजून नीट सांगता येत नाही. आपण पडदा लावावा हा हक्क. समोरच्याने लावावा म्हणजे आपला अपमान! नऊ न्यायमूर्तींचा निकाल दोन्ही खिडक्यांना सारखाच लागू आहे, हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

मांजरपाट कालपासून बादलीत भिजतो आहे. मापाचा कागद फ्रिजवर चिकटवला होता, तो आज सकाळी पाहिला. आजोबांच्या रेखीव अक्षरात साठ होते. ते खोडून कोणीतरी छप्पन्न केले आहे, आणि तेही शाईने. “कोणी केलं हे?” म्हटले, तर ही म्हणाली, “मला काय विचारता? तुम्ही कापा.”

शाखेत स्लिपवर असा खाडाखोड केलेला आकडा आला, की बाजूला खातेदाराची सही घेतल्याशिवाय आम्ही पास करत नाही. सही आजोबांची लागणार. ती मागायला मी अजून समोर गेलेलो नाही, आणि कापड आता वाळत घालायला हवे.