कमानीचा कर्ता कोण?

मुंबईहून नांदगावकडे जाणारा लोहमार्ग ज्या थळ घाटातून चढतो, तो 1865 साली वाहतुकीस खुला झाला; त्यातील दगडी पुलांच्या कर्तेपणाचा प्रश्न मात्र इतिहासापेक्षा तत्त्वज्ञानाचा अधिक आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे विविध हालचाली, आणि दैव; जो केवळ स्वतःला कर्ता मानतो, त्याची दृष्टी तेथे अपुरी ठरवली आहे. कमान या विचाराचे जणू प्रत्यक्षच रूप आहे. आधी लाकडी सांगाडा उभारून त्यावर पाचरीच्या आकाराचे घडीव दगड दोन्ही बाजूंनी चढवत नेतात, बैलांनी फिरवलेल्या घाण्यात मळलेला चुना सांध्यांत भरतात, माथ्याचा दगड बसवतात आणि मगच सांगाडा काढतात. त्या क्षणापासून प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या दाबावर तोललेला असतो, एकटा कोणीच भार पेलत नाही. या मार्गाचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचे नाव इतिहासात आहे, ते योग्यच; पण दगडाचा कोन टाकीने साधणाऱ्या पाथरवटांची, पटकीने दगावलेल्या मजुरांची नावे नाहीत, आणि ही उणीव केवळ नोंदींची नसून कर्तेपणाच्या आपल्या आकलनाची आहे. पुण्याकडच्या मार्गावरील बोरघाटातला असाच एक दगडी पूल 1867 साली कोसळला. तेव्हा दोष बांधकामात शोधला गेला. यश मात्र आराखड्याच्या नावावर जमा होत राहिले.