बांधापलीकडचं पीक

मे 2016 मध्ये यूपीएससीचा निकाल लागला आणि जालना जिल्ह्यातलं शेलगाव एका दिवसात राज्याला माहीत झालं. अन्सार शेख या 21 वर्षांच्या मुलाने पहिल्याच प्रयत्नात देशात 361 वा क्रमांक मिळवला होता. वडील रिक्षाचालक, भाऊ शाळा सोडून गॅरेजमध्ये कामाला, शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेपासून सुरू होऊन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत गेलेलं. अशा यशाने आनंद होणार नाही असा माणूस सापडायचा नाही. पण त्यानंतरच्या वर्षांत आमच्याकडच्या कितीतरी घरांत हे नाव एका वेगळ्याच कामाला लावलं गेलं. ‘रिक्षावाल्याचं पोरगं एकविसाव्या वर्षी कलेक्टर होतं, आणि तुला काय कमी केलंय रे आम्ही?’ जेवणाच्या ताटावर हे वाक्य ऐकलेली मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. त्यातली बरीच अजून जालन्याच्या, संभाजीनगरच्या, पुण्याच्या अभ्यासिकांत बसून आहेत.

या वाक्यात काय होतं ते नीट पाहायला हवं. एका मुलाच्या आयुष्यातून दोन गोष्टी उचलल्या जातात, वय आणि निकाल. तो काय वाचत होता, उत्तरं कशी लिहीत होता, कुठला विषय सोडायचा हे त्याने कशावरून ठरवलं, पैसे संपले तेव्हा काय केलं, यातलं काहीच उचललं जात नाही. म्हणजे जे शिकता येण्यासारखं आहे ते बाजूला राहतं आणि जे शिकताच येत नाही ते पोराच्या माथी मारलं जातं. आणखी एक. 361 वा क्रमांक म्हणजे त्या वर्षी 360 उमेदवार त्याच्या पुढे होते. ते आपल्या गप्पांत कधीच येत नाहीत. तुलना करणारा माणूस आपल्याला दुखावेल तेवढंच निवडतो, किंवा सुखावेल तेवढंच. पूर्ण हिशोब तो कधी मांडतच नाही.

तुलना आणि स्पर्धा यांना आपण एकाच दावणीला बांधतो आणि मग दोन्हींच्या विरोधात बोलतो. मुलांना स्पर्धेपासून वाचवा, असं सांगणारे चांगले शिक्षकही मला भेटतात. त्यांची कळकळ खरी आहे, पण निदान चुकतं आहे असं मला वाटतं. मुलं खचतात ती स्पर्धेने कमी आणि तुलनेने जास्त. आणि तुलना रोखायची तर चांगली स्पर्धा वाढवावी लागेल.

चांगली स्पर्धा कशी असते ते कुस्तीत दिसतं. डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा जालन्यात भरला होता. आझाद मैदानावर अंतिम लढत झाली ती गादी विभागातून आलेला पुण्याचा अभिजित कटके आणि माती विभागातून आलेला, बुलडाण्याकडून खेळणारा बाला रफिक शेख यांच्यात. अभिजित आदल्या वर्षीचा विजेता. उंची त्याच्याकडे, नाव त्याच्याकडे. बाला रफिकने 11-3 गुणांनी कुस्ती जिंकली आणि मैदान डोक्यावर घेतलं गेलं. निकाल बाजूला ठेवून आधीची व्यवस्था बघा. दोघांचं वजन झालेलं. वेळ ठरलेली, प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. गुण कशाला मिळतो आणि कशाला मिळत नाही हे दोघांना ठाऊक. पंच समोर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रतिस्पर्धी समोर उभा, त्याचा हात हातात. शिट्टी वाजली की कुस्ती संपली. हरलेला पैलवान वर्षभर कसून पुन्हा येऊ शकतो, जिंकलेल्याला पुन्हा सिद्ध करावं लागतं. पुढच्या वर्षी हे दोघेही अंतिम लढतीत नव्हते.

त्या पुढच्या स्पर्धेचा शेवट तर मला आजही जसाच्या तसा आठवतो. जानेवारी 2020, पुण्यातलं बालेवाडी. हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्या तालमीतले. एकमेकांशी रोज भिडून दोघे तयार झालेले. हर्षवर्धनने 3-2 अशी निसटती कुस्ती जिंकली आणि शैलेशला उचलून खांद्यावर घेतलं. अनेकांनी त्याला खिलाडूवृत्ती म्हटलं. मला त्यात साधा हिशोबही दिसला. ज्याच्याशी लढून आपण इथपर्यंत आलो त्याच्याशिवाय आपण इथे नसतो, हे त्या मुलाला कळलं होतं. तुलनेत असा खांदा कुणी कुणाला देत नाही, कारण तिथे समोरच्याला आपण मोजतो आहोत हेही त्याला माहीत नसतं. शेजाऱ्याच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा राहिला की आपण हरलो, पण कुस्ती कधी लागली होती? वजन कोणी केलं होतं? त्याच्या ट्रॅक्टरवर बँकेचं किती कर्ज आहे, हे तर आपल्याला दिसतही नाही. मराठवाड्यातल्या भावकीत लग्नाचे मांडव, घरांचे मजले आणि गाड्यांची मॉडेलं याच न झालेल्या कुस्तीत हरण्याच्या भीतीने वाढत गेली आहेत, आणि ते पैसे कोरडवाहू रानातून येतात.

यावर एक उपाय फार ऐकू येतो: दुसऱ्याकडे बघू नका, स्पर्धा फक्त स्वतःशी करा. ऐकायला बरं वाटतं. मला हे अर्धंच पटतं.

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे घ्या. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये गोपाल सैनी यांचा 1981 चा राष्ट्रीय विक्रम त्याने 2018 साली मोडला आणि त्यानंतर स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला. स्वतःशी स्पर्धा म्हणतात ती हीच. पण 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत काय झालं? 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाकडे जात होती. अविनाश त्यांच्यात घुसला, 8 मिनिटं 11.20 सेकंदांत धावला आणि रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण मिळवणारा अब्राहम किबिवोट त्याच्या पुढे होता तो फक्त 0.05 सेकंदाने. ती अविनाशची तोवरची सर्वोत्तम वेळ होती. पुढे किबिवोट नसता तर शेवटच्या वळणावर ते पाय तसे पडले असते? मला नाही वाटत. माणसाला स्वतःची मर्यादा एकट्याने कळत नाही. पुढे पळणारा कोणी तरी लागतो, फक्त तो त्याच वाटेवर, त्याच अंतरासाठी पळत असायला हवा.

शेतीत हे जास्त अवघड होतं, कारण इथे वाटा सारख्या नाहीत. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी अंबड-घनसावंगीकडच्या काही शिवारांना मिळतं. भोकरदन-जाफराबादकडचा शेतकरी पावसावर आणि विहिरीवर. कालव्याखालचा ऊस पाहून कोरडवाहू कपाशीवाल्याने स्वतःला नालायक ठरवावं, हा अन्याय आहे, आणि कपाशीवाला तो स्वतःवरच करतो.

मात्र याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी चांगली स्पर्धा उभी केल्याचं उदाहरण आहे. कडवंची. जालना तालुक्यातलं हे गाव तसं हलक्या, उताराच्या जमिनीचं. 1996 साली तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. विजयअण्णा बोराडे यांची मराठवाडा शेती सहाय्य मंडळ ही संस्था आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र त्यामागे होतं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यावर बांध अशी कामं झाली. पाणलोटाच्या कामाचा स्वभावच असा की माथ्यावरच्या शेतकऱ्याने पाणी अडवलं की पायथ्याच्या विहिरीला पाझर येतो. वरच्याने थोडं नुकसान सोसून पाणी अडवू दिलं नाही तर खालचाही बुडतो. बांधापलीकडच्याचं भलं हे आपलं नुकसान, ही समजूत तिथे टिकूच शकत नाही. त्यातून द्राक्षबागा वाढल्या, शेकडो शेततळी झाली, आणि 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळत असताना कडवंचीच्या बागा उभ्या राहिल्या. आता तिथे चुरस आहेच. कोणाचा माल आधी निघाला, कोणाच्या मण्याला फुगवण जास्त, कोणाला किलोमागे दर काय मिळाला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण द्राक्षवाल्यांची एक चांगली रीत आहे, प्लॉट पाहायला जायची. छाटणी कधी घेतली, काड्या किती ठेवल्या, फवारणी कोणती केली, हे बागेत उभं राहून विचारलं जातं आणि सांगितलंही जातं.

तशीच गोष्ट रेशीम कोषांची. 2018 मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोषांची बाजारपेठ सुरू झाली, राज्यातली पहिली. तोवर शेतकरी कोषांची पोती घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जात असत. तिथे आपल्या मालाला काय भाव मिळाला हे घरी येऊन सांगणारा तो एकटाच, त्यामुळे गावात नुसत्या अफवा. आता लिलाव जवळ होतो. व्यापारी मूठभर कोष हातात घेतो, दाबून पाहतो, कानाजवळ हलवतो, एखादा कापून आतली अळी नीट कोषावस्थेत गेली आहे का ते बघतो. पोचट किती, डागी किती, जोडकोष किती, यावर बोली लागते. शेजारी ठेवलेल्या दोन लॉटना वेगळे दर मिळतात आणि दोन्ही शेतकरी तिथेच उभे असतात. इथे दोन रस्ते फुटतात. ‘त्याचं नशीब’ किंवा ‘व्यापाऱ्याशी त्याची ओळख’ असं म्हणून रिकामी पोती घडी करून निघायचं, हा एक. दुसरा म्हणजे जाऊन विचारायचं: चॉकी म्हणजे कोवळ्या अळ्या कुठून आणल्या, शेडमध्ये चुना आणि ब्लिचिंग कधी मारलं, शेवटच्या अवस्थेत पाला किती वेळा दिला, कोष विणायच्या चंद्रिकेवर अळ्या किती दाट सोडल्या? अळ्यांची पुढची बॅच महिनाभरात पुन्हा कोषावर येते. म्हणजे विचारून आलेल्याला सुधारायची संधी त्याच हंगामात मिळते. चुरस अशी जवळची, मोजता येणारी आणि परत येणारी असेल तर माणूस जळत बसत नाही, कामाला लागतो.

अभ्यासिकेतल्या मुलांकडे परत येऊ. स्पर्धा परीक्षेचं गणित पैलवानाच्या गणितापेक्षा क्रूर आहे, कारण जागा थोड्या आणि उमेदवार लाखो. तिथे उत्तम तयारी करूनही बहुतेक जण बाहेरच राहणार, हे मुलाला आणि घराला आधीच सांगितलं पाहिजे. अभ्यासाची वर्षं ठरवून घेतली पाहिजेत, कारण शिट्टी नसलेली स्पर्धा हळूहळू तुलनाच होऊन बसते. एकमेकांचे पेपर तपासणारे, उत्तरांवर भांडणारे चार मित्र असतील तर त्या वर्षांत काही तरी हाती लागतं. निकालाच्या बॅनरवरचे फोटो मोजून काही हाती लागत नाही.

शेतीत मात्र शिट्टी असलेली स्पर्धा आहे. कृषी विभागाची पीक स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत असते. खरिपाची, रब्बीची वेगळी. ठरलेल्या क्षेत्रावर, समितीसमोर कापणी होते आणि उत्पादन वजनाने ठरतं. आधी आपल्याच तालुक्यातल्यांशी गाठ असल्याने भोकरदनच्या माणसाला घनसावंगीच्या कालव्याशी झुंजावं लागत नाही. आमच्याकडे या स्पर्धेची चर्चा निकालानंतर होते, अर्ज भरताना होत नाही. माझी विनंती एवढीच आहे की येत्या हंगामात एका बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी, शक्यतो भावकीतल्याच दोघांनी, सातबारा आणि आठ-अ घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे एकाच पिकासाठी अर्ज भरावेत. कापणीच्या दिवशी दोघांनी एकमेकांच्या रानात हजर राहावं, आणि ज्याचं वजन जास्त भरेल त्याने आपलं बियाणं, खत आणि पेरणीची तारीख दुसऱ्याला तिथेच सांगावी.