दान आणि चाल

कोणताही खेळ शिकताना मनुष्य त्याचे नियम आधी पाठ करतो. त्यांचा अर्थ त्याला पुष्कळ उशिरा कळतो. बॅकगॅमन शिकताना आमचे असेच झाले. बदलीच्या गावी, संध्याकाळ सरता सरत नाही अशा दिवसांत, एका सहकाऱ्याने हा पट आमच्यापुढे मांडला. लहानपणी सोंगट्या खेळलो होतो. तेव्हा वाटले, हे तर आपल्या घरचेच.

नियम थोडे आहेत. पटावर 24 त्रिकोणी घरे, प्रत्येकाच्या 15 सोंगट्या आणि दोन फासे. दोघांच्या सोंगट्या परस्परांच्या उलट दिशेने चालतात. दोन्ही फाशांवर सारखा आकडा पडला, तर तो चार वेळा खेळावयाचा. प्रतिपक्षाच्या दोन सोंगट्या जेथे असतील ते घर आपणांस बंद. एकटी सोंगटी मात्र मारता येते. मेलेली सोंगटी मधल्या पट्टीवर बसते आणि ती पुन्हा पटावर आल्यावाचून दुसरी हलवता येत नाही. पंधराही शेवटच्या सहा घरांत आल्या, की त्या बाहेर काढावयाच्या. ज्याच्या आधी संपतील तो जिंकला. शिवाय, खेळता येण्याजोगे दान खेळलेच पाहिजे. आपली बांधलेली घरे मोडत असली, तरी ‘या खेपेस राहू द्या’ म्हणण्याची सोय नाही.

या खेळाचा पूर्वज म्हणजे इराणातील नर्द. एका पहलवी ग्रंथात कथा आहे, की हिंदुस्थानच्या राजाने खुस्रोच्या दरबारी बुद्धिबळाचा पट कोडे म्हणून धाडला. बुजुर्गमिहराने ते उलगडले आणि उलट नर्द रचून पाठविला. पट म्हणजे पृथ्वी, तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे दिवस नि रात्री, फासे म्हणजे तारामंडलाचे भ्रमण, असा अर्थ त्यात सांगितला आहे. ही कथा इतिहास म्हणून घेऊ नये. पण तिच्यातील भेद खरा आहे. बुद्धिबळात हरलेल्याला सबब नसते. नर्दात दान दैवाचे आणि चाल आपली. आणि पराभवातील कोणाचा वाटा किती, हा प्रश्न प्रत्येक डावाशेवटी उरतो.

त्याला हिशेब आहे. दोन फाशांची दाने 36. मधली घरे मोकळी असतील, तर प्रतिपक्षापासून सहा घरांवर असलेली एकटी सोंगटी त्यांतील 17 दानांनी मरते. सात घरांवरची केवळ सहा दानांनी. एके रात्री आम्ही विचारपूर्वक सात घरांवर सोंगटी ठेवली आणि ती मेली. पुढच्या डावात निष्काळजीपणे सहावर ठेवली आणि ती वाचली. आम्ही पहिल्या चालीबद्दल हळहळलो, दुसरीबद्दल खूष झालो. सहकारी हसून म्हणाले, “साहेब, उलटे झाले.”

त्या एका वाक्याने एक जुनी गोष्ट मनात उभी राहिली. हाताखालच्या एका माणसाने आभाळ पाहून, चौकशी करून, धान्य रातोरात हलविले. वाटेत अवकाळी पाऊस आला आणि पोती भिजली. त्याच वर्षी दुसऱ्याने माल उघड्यावर पडू दिला; पाऊस आला नाही. वार्षिक अहवालात आम्ही पहिल्याच्या निर्णयशक्तीवर शेरा मारला आणि दुसऱ्याला समाधानकारक ठरविले. आम्ही दान पाहिले, चाल पाहिलीच नाही.

यावर आक्षेप निघेल, की असे म्हटले तर जो तो फाशांच्या नावाने रडेल. तो आक्षेप खोटा नाही. परंतु ‘दान वाईट पडले’ म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने दान पडण्यापूर्वी हिशेब केला होता. आणि दैवाने वाचलेल्याने ती आपली हुशारी समजू नये. हिशेब बरोबर होता म्हणून मेलेली सोंगटी कोणी उचलून पूर्वीच्या घरी ठेवीत नाही. तिला पट्टीवरूनच यावे लागते. भिजलेल्या धान्याची नोंद व्हावयासच हवी होती. निस्तरणे त्या माणसाकडेच होते. पण निस्तरणे वेगळे आणि दोषी ठरणे वेगळे. आम्ही दोन्ही एकाच ओळीत लिहून मोकळे झालो.

तो शेरा आता पुसता येत नाही. मात्र तेव्हापासून कोणाच्या कामाविषयी लिहावयाची वेळ आली, की काय घडले हे विचारण्याआधी, त्याला त्या वेळी काय ठाऊक होते, हे आम्ही विचारतो. उत्तर मिळेपर्यंत लेखणी खाली ठेवतो.