मोठं अक्षर कुणाचं?
इंग्रजीत हुद्दा नावाआधी आला की त्याचं पहिलं अक्षर मोठं लिहितात. नुसता आला की बहुधा लहान. ‘डॉक्टर आंबेडकर’ यातला डॉक्टर मोठा, मेडिकल चौकातला कुणी एक डॉक्टर लहान. देवनागरीत असा भेद नाही, म्हणून आपली लिपी समतेची, असं वाटू शकतं. पण नागपूरच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ‘येतात’ आणि शिपाई ‘येतो’. उतरंड अक्षरात नसली तरी क्रियापदात आहेच, आणि ती जास्त बोचते, कारण ती समोरच्याला ऐकू जाते.

संविधानाच्या अनुच्छेद 18 ने किताब रद्द केले, लष्करी आणि विद्याविषयक सन्मान मात्र ठेवले. मग बाबासाहेबांच्या नावाआधीचा ‘डॉ.’ समतेला बाधतो का, असं कुणी विचारेल. मला तसं वाटत नाही. ती पदवी जन्माने मिळालेली नव्हती. जन्माने लादलेल्या पायरीला ते अभ्यासाने दिलेलं उत्तर होतं. मात्र पदवी कमाईची खूण आहे, माणुसकीचं माप नव्हे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. माणसं समान आहेत, ही त्यातलीच एक, आणि ती म्हणताना कुणाचा हुद्दा विचारला नव्हता. ती खरी मानायची, तर शिपाईसुद्धा ‘आले’ असं म्हणायला हवं.