गाईड निवडताना

आजचं चिंतन : गीता, अध्याय ४, श्लोक ३४



काल अमरावती रोडवर चहाच्या ठेल्यावर एक ज्युनियर भेटली. एम.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर. सोमवारपर्यंत प्रोजेक्टच्या गाईडचं नाव द्यायचंय. "दादा, एक सर काही विचारत नाहीत, सही करतात, मार्कही भरपूर देतात. दुसऱ्या मॅडम प्रत्येक चॅप्टर तीनदा लिहायला लावतात. मला नोकरीसाठी मार्क हवेत. कोणाला घेऊ?"

मला पटकन बोलता आलं नाही. कारण माझ्या वेळी मीही सहीवालेच सर निवडले होते. मार्क मिळाले. पण व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "हीच पद्धत का घेतली?" आणि मी गप्प. दोष सरांचा नव्हता. मला सहीच हवी होती.

आजच्या श्लोकात भगवंत गुरूकडे दोन गोष्टी बघायला सांगतात : त्यांना विषय कळलेला असावा आणि त्यांनी तो स्वतः अनुभवलेला असावा. आपल्याकडून मात्र तीन मागतात : प्रणिपात, परिप्रश्न, सेवा.

प्रणिपात म्हणजे खुशामत नाही. "मला अजून येत नाही" हे मनापासून कबूल करणं. परिप्रश्न म्हणजे खोदून खोदून विचारणं. जिथे "मॅडम, हे पटलं नाही" असं म्हणता येत नाही, तिथे नम्रतेची भीती होते. आणि सेवा म्हणजे गाईडची तिकिटं काढणं नव्हे, ती चाकरी. हातातलं काम जीव ओतून करणं, ही सेवा.

म्हणून नुसतं कडक असणंही पुरेसं नाही. तिला म्हटलं, "मार्कांची गरज खोटी नाही गं. पण मॅडमच्या मागच्या बॅचला एकच विचार : त्यांना प्रश्न विचारता यायचे का? 'हो' म्हणाले, तर तिकडे जा."

आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज मूळचे माणिक. 'तुकड्या' हे नाव त्यांना गुरू आडकोजी महाराजांनी दिलं. ते त्यांनी जन्मभर जपलं; आज ते आपल्या मार्कशीटवर आहे. गुरूंकडून मिळालेलं असं टिकतं.

आजचा संकल्प : ज्यांच्याकडून शिकतोय, त्यांना आज एक खरा प्रश्न विचारायचा.

राम कृष्ण हरी! 🙏